कुजबुजती कवायत

आमच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या परीक्षेत शंभर गुण असतात आणि त्यातले वीस ओरडण्याला असतात, हे मला परीक्षेच्या आठ दिवस आधी कळलं. तोपर्यंत मी आठ माणसांना पाच आठवडे कुजबुजत व्यायाम शिकवून बसले होते.

यात माझा दोष नाही. म्हणजे आहे, पण सगळ्यांत वाटून टाकला तर माणशी फारसा येणार नाही.

अभ्यासक्रम शारीरिक शिक्षणाचा आणि क्रीडा-मार्गदर्शनाचा. ठिकाण आमचं कम्युनिटी कॉलेज. नाव भारदस्त असलं तरी हे कॉलेज म्हणजे वाचनालयाच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. एकीत शिवणकाम, दुसरीत संगणक आणि तिसरीत आम्ही व एक प्लॅस्टिकचा मानवी सांगाडा. शेजारी शिलाई मशिनी सुरू झाल्या की सांगाड्याचा जबडा हलायला लागतो. सर खांद्याचे स्नायू शिकवत असले की तो मध्येच शंका विचारतोय असं वाटतं. खरं तर वर्गात शंका विचारणारा तो एकटाच.

नोंदणीची मुदत तीन वर्षांची. पहिल्या वर्षी परीक्षेच्या दिवशी मी प्रसूतिगृहात होते. दुसऱ्या वर्षी लेकीला, म्हणजे ठकीला, दाढा येत होत्या आणि त्या फक्त माझ्याच खांद्यावर येत होत्या. हे तिसरं वर्ष. या खेपेला नापास झाले तर नाव कटणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आमच्या घरासमोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "सत्र सुरू व्हायच्या आत प्रमाणपत्र आणा आणि खेळाचे तास घ्या. नाही आणलं तर दुसऱ्या एक बाई तयार आहेत." मला ती नोकरी इतकी हवी होती की मी आधीच मनातल्या मनात तास घ्यायला लागले होते. भांडी घासताना पाचवी अ, कपडे वाळत घालताना सातवी ब. सातवी ब फार दंगेखोर आहे.

परीक्षेची अट साधी होती. आठ जणांचा संघ जमवायचा, सहा आठवडे शिकवायचं आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर चाळीस मिनिटांचा पाठ घ्यायचा. आठ मुलं काय, चुटकीसरशी सापडतील, असं मला वाटलं. पण आमच्या इमारतीतली सगळी मुलं तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासवाल्या काकूंकडे गणिताला जातात. मी त्यांच्याकडे गेले.

"मुलं?" काकू म्हणाल्या. "मुलं सकाळी शाळेत, चार ते आठ माझ्याकडे, मग जेवून आडवी. मधे जो वेळ उरतो त्यात गृहपाठ. तुला मोठी माणसं चालतात का?"

"नियमात वय नाही लिहिलेलं."

"मग मला घे. डावा गुडघा सोडून सगळी तुझी."

अशा रीतीने संघ उभा राहायला लागला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काका आले. नाक्यावरच्या सलूनवाल्या दादांचं दुकान दुपारी बंद असतं म्हणून ते आले. त्यांनी आपली तीन नेहमीची गिऱ्हाइकं आणली. ती बिचारी नाही म्हणू शकली नाहीत, कारण विचारलं तेव्हा त्यांच्या गळ्याशी वस्तरा होता. पोस्टमास्तर काकांनी काकींना आणलं. झाले सात.

आता मैदान. मैदानाच्या कचेरीतल्या बाईंनी मोठी वही उघडली आणि बोट फिरवत मला सांगितलं, "सकाळी क्रिकेट. दहा ते एक शाळा. चारपासून फुटबॉल. दीड ते अडीच रिकामं आहे, तेव्हा कुणी येत नाही."

"का?"

"ऊन असतं."

"सावली काहीच नाही?"

"एक झाड आहे," बाई म्हणाल्या, आणि जरा विचार करून, "त्याला वेगळा अर्ज लागत नाही."

कॉलेजच्या फॉर्मनं मात्र जीव खाल्ला. तो मुलांसाठी छापलेला. 'विद्यार्थ्याची इयत्ता' आणि 'पालकाची सही' हे रकाने रिकामे ठेवले तर संगणक फॉर्म घेत नाही, असं कॉलेजच्या कारकुनांचं म्हणणं. एकाहत्तर वर्षांच्या पोस्टमास्तर काकांची पालक म्हणून काकींनी सही केली आणि काकींचे पालक म्हणून काकांनी. काकींनी सही करताना "वर्तन" असाही एखादा रकाना आहे का ते विचारलं. नव्हता. त्या हळहळल्या.

आठवा माणूस काही मिळेना. आणि एका सकाळी सासूबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

मी गार. "आई, तुम्ही याल?"

"म्हणजे? मी शाळेत लंगडीत पहिली होते. घरात बसून असते म्हणून तुम्हाला वाटतं मला काही येत नाही."

सासूबाईंच्या फॉर्मवर पालक म्हणून मी सही केली. लग्नाला पाच वर्षं झाली. कागदोपत्री त्यांची जबाबदारी माझ्यावर आल्याचा क्षण हाच. त्यांनी सही नीट वाचून पाहिली आणि म्हणाल्या, "पालक झालीस, आता पालकांसारखी वाग. उन्हाची टोपी आण मला."

पण संघ पुरा झाला तसा एक नवीनच घोळ झाला. दुपारी ठकीला सांभाळायच्या त्या सासूबाईच! त्या मैदानात, मी मैदानात, नवरा कामावर. ठकी मग घरात कुणाच्या जिवावर राहणार? ठकीही मैदानात.

ठकी दोन वर्षांची. ती बरोबर सव्वा वाजता पेंगते आणि पावणेतीनला उठते. या दीड तासात जगात काहीही घडलं तरी चालतं, फक्त त्याचा आवाज व्हायला नको. आवाज झाला आणि ठकी अर्धवट उठली तर ती जे रडते त्याला मी 'रडणं' म्हणणार नाही. सरांनी आम्हाला 'सहनशक्ती' हा धडा शिकवला तेव्हा मला सारखी तिचीच उदाहरणं आठवत होती.

तर पहिल्या दिवशी ठकीची ढकलगाडी झाडाखाली लावली, वर ओढणी टाकली आणि मी आठ जणांसमोर उभी राहून कुजबुजले, "सावधान."

"काय म्हणाली?" पोस्टमास्तर काकांनी विचारलं.

"शूऽऽ!" सात जण म्हणाले.

तिथून ती पद्धतच पडली. कुजबुज मागच्या रांगेत पोचायची नाही, म्हणून मी हातांनी खुणा करायला लागले. एक बोट वर म्हणजे जागच्या जागी धावणे, चवड्यांवर. दोन बोटं म्हणजे दोरीउड्या, त्याही अशा की पाय टेकल्याचा आवाज येता कामा नये. तळहात पुढे म्हणजे थांबा. गालाखाली हात म्हणजे आडवं पडा. ही खूण सगळ्यांची लाडकी होती आणि काही जण ती मी न करताच पाळायचे. चेंडूला मी ठकीचा जुना मोजा चढवला होता, म्हणजे झेलताना तो 'फट्' न करता 'फुस्' करायचा. पोस्टमास्तर काका उड्या मोजायचे, पण नुसते ओठ हलवून. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, इथे नऊ माणसं उन्हात उभी राहून काहीतरी चोरून करताहेत.

आणि गंमत म्हणजे त्यांना ते यायला लागलं! दुसऱ्या आठवड्यात काकूंचा गुडघा वाकला. तिसऱ्यात सलूनवाल्या दादांना स्वतःच्या पायाची बोटं दिसली आणि त्यांनी ती बराच वेळ पाहिली. सासूबाई तर असल्या चपळ निघाल्या की संध्याकाळी माझा नवरा म्हणाला, "आई, तू जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलीस?" त्या म्हणाल्या, "हळू बोल." सवय लागली होती.

अभ्यासक्रमाची पुस्तिका मी जमेल तसं एकेक पान वाचायचे. ठकी जागी असताना पुस्तक उघडलं की ती त्यावर बसते. म्हणून तिला आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळलं की ती जी तीन मिनिटं शांत असते, त्यात एक पान. बारावं पान, तेरावं पान. आणि परीक्षेला आठ दिवस राहिले असताना चौदावं पान. 'गुणदान: पाठाचा आराखडा वीस. प्रात्यक्षिक वीस. वर्गनियंत्रण वीस. आज्ञा व आवाज वीस. समारोप वीस. प्रत्येक सदरात किमान आठ गुण आवश्यक.' खाली तारा काढून लिहिलं होतं, 'आज्ञा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू गेली पाहिजे.'

टॉवेलातून ठकी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "ठके, आपण बुडालो." ती हसली. तिला पाण्याचे सगळे शब्द आवडतात.

तालीम सुरू झाली. घरात एकच जागा होती जिथलं दार जाड होतं, न्हाणीघर. मी नळ सोडला, पोटावर हात ठेवला आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे बेंबीपासून ओरडले, "सावधान! विश्राम! सावधान! एक पाऊल मागे!" बाहेर आले तर दारात क्लासवाल्या काकू, पोस्टमास्तर काकी आणि वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी उभ्या. माझा नवरा त्यांच्यासमोर बनियनवर, हातात दाढीचा ब्रश.

"काही नाही हो," तो म्हणत होता, "ती मला नाही बोलत."

"बरं बरं," काकी त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या. "नाही म्हणालास तर नाही. पण कधीही ये हो आमच्याकडे."

नवरा तेव्हापासून जिन्यात लोकांच्या सहानुभूतीचा धनी झाला आणि मी न्हाणीघरात ओरडणं सोडलं. सल्ले मात्र येत राहिले. काकू म्हणाल्या, कोमट पाण्याच्या गुळण्या कर. सलूनवाले दादा म्हणाले, मान मागे टाकून ओरडा, गिऱ्हाईक बरोब्बर तसंच ओरडतं. पोस्टमास्तर काका म्हणाले, त्यांच्या खात्यात आवाज वरिष्ठ असल्याशिवाय चढायचा नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात तर चढतो की." माझ्या तोंडात तेव्हा गुळणी होती; ती थुंकेपर्यंत त्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

पण ठकी झोपलेली असली की माझा गळा आपोआप मिटतो. हा नियम कुठल्याही पुस्तिकेत नाही, पण तो माझ्या घशात कोरलेला आहे. दोन वर्षं मी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी गॅस बंद करत आले आहे. दाराची कडी मी हाताच्या उबेने सरकवते. आणि परीक्षेची वेळ कॉलेजने दिली होती, अर्थातच, दुपारी पावणेदोन.

परीक्षक आले. उंच, पांढऱ्या बुटांचे, गळ्यात शिट्टी आणि बगलेत फाइल. झाडाखाली त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती; ढकलगाडी आम्ही तिच्या मागे सरकवली होती, ओढणीसकट. संघ रांगेत उभा. सासूबाई टोपी घालून.

"सुरू करा, बाई. शिट्टीनं करा." त्यांनी आपली शिट्टी माझ्या हातात दिली.

मी शिट्टी तोंडाला लावली. देवाशपथ, मी ती हळूच वाजवली. तरी ती वाजली.

"शूऽऽऽ!" आठ बोटं आठ ओठांवर गेली. पोस्टमास्तर काका तर चार पावलं पुढेच आले आणि रागानं कुजबुजले, "कळतं का तुला काही? झोपलीय ना पोर!"

"कोण झोपलंय?" परीक्षक खणखणीत आवाजात म्हणाले.

"शूऽऽऽ!" सासूबाई. आणि मग, माणूस बाहेरचा म्हणून, "तुमच्या मागे बघा जरा. साहेब."

परीक्षकांनी वळून ओढणी उचलली. ठकी तोंड उघडं टाकून, एक पाय गाडीबाहेर काढून झोपलेली. त्यांनी ओढणी पुन्हा टाकली, ती नीटशी पडली नाही म्हणून परत एकदा टाकली, आणि माझ्याकडे वळून कुजबुजले, "मग आवाजाचे गुण मी कसे द्यायचे?"

"बघा ना, सर," मी कुजबुजले.

"आठ तरी लागतात. नाहीतर मला नापास करावं लागेल. माझा इलाज नाही." हे त्यांनी इतक्या हळू आणि इतक्या कनवाळूपणे सांगितलं की मला रडू यायचंच बाकी राहिलं. "प्रयत्न करा. एकदा तरी. त्या टोकाला माळी आहे ना, त्याला ऐकू गेलं की बास."

मी प्रयत्न केला. पोटावर हात ठेवला, मान मागे टाकली, तोंड उघडलं. "सावधान," असं काहीतरी बाहेर पडलं. पहिल्या रांगेतल्या काकूंनी ते ओठांवरून वाचलं. पुन्हा तोंड उघडलं. ढकलगाडीत ठकीनं कूस बदलली आणि माझा घसा दुकानाच्या शटरसारखा खाली आला.

मग मी नाद सोडला. म्हटलं, नापास तर नापास, निदान या आठ जणांचा पाठ तरी वाया नको. मी एक बोट वर केलं. आठ माणसं चवड्यांवर धावायला लागली. दोन बोटं. दोऱ्या फिरल्या, जमिनीला न लागता. मोज्यातला चेंडू फुस्, फुस् करत रांगेतून फिरला. चेंडू सुटला नाही, की वळताना कुणी कुणाला धडकलं नाही. परीक्षक खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. त्यांनी गुणपत्रक शेजारच्या बाकावर ठेवलं आणि हात गुडघ्यांवर घेऊन ते नुसते बघत राहिले. पस्तीस मिनिटं झाली. माझ्या मनात सातवी ब रांगेनं वर्गाबाहेर चालली होती, दुसऱ्या बाईंबरोबर.

ताणाचा व्यायाम चालू होता, कुणी दोरी धरून, कुणी चेंडू. सलूनवाले दादा एका गिऱ्हाइकाची टाच धरून उभे होते. तेवढ्यात मला ओढणी रिकामी दिसली.

ठकी उठली होती. पंचवीस मिनिटं आधी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, न रडता. ती गाडीतून उतरली होती, बाकावरचं गुणपत्रक तिनं घेतलं होतं, आणि ते घेऊन ती मैदानाच्या त्या टोकाला, माळ्याच्या भरलेल्या बादलीकडे, ठुमकत निघाली होती. बादलीपाशी पोचली. हात वर केला. कागद पाण्यावर धरला.

त्या कागदावर माझी तीन वर्षं होती.

"ठेव ते खाली!"

हा आवाज कुठून आला ते मी शारीरिक शिक्षण शिकूनही सांगू शकत नाही. बेंबी त्याच्या वाटेत लागली असेल तर लागली असेल. काकूंनी दोरी खाली ठेवली. पोस्टमास्तर काकांनी चेंडू खाली ठेवला. दादांनी टाच सोडली आणि टाचेचा मालक पाठोपाठ खाली गेला. कुंपणापलीकडून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं ब्रेक लावून पाय खाली ठेवला आणि पिशवीही खाली ठेवली. त्या टोकाला माळ्यानं झारी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. परीक्षकांनी पेन जमिनीवर ठेवलं, अगदी नीट, आडवं.

कागद खाली ठेवला नाही तो एकट्या ठकीनं. तो तिनं छातीशी घट्ट धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

मी तिच्यावर असं कधी ओरडले नव्हते. मी धावले. ते अंतर मी ज्या वेळात कापलं तो कुणी मोजला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. तिला उचललं तेव्हा तिनं ठरल्याप्रमाणे सूर लावला होता. "नाही गं, नाही गं, आई ठकूला नाही बोलली, आई कागदाला बोलली," असं म्हणत मी तिला खांद्यावर घेतलं आणि झुलायला लागले. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. परीक्षा संपली असेल तर असो. तिचे गरम हुंदके माझ्या मानेत चालले होते आणि मला त्या वेळी जगात दुसरं काही शिकवायचं नव्हतं.

हळूहळू हुंदके लांबले. मी वळून पाहिलं.

मैदानाच्या मधोमध आठही जण झुलत होते. डावीकडे, उजवीकडे. सहा आठवडे माझ्या हातांकडे बघत आलेली माणसं; माझ्या अंगानं जे केलं ते त्यांच्या अंगानं उचललं होतं. सासूबाई डोळे मिटून. काकू गुडघ्यासकट. दादांचं गिऱ्हाईक बसल्या जागी. खांदे सैल, श्वास लांब, आवाज नाही.

परीक्षक माझ्याकडे चालत आले. ठकीच्या मुठीतून त्यांनी कागद मोठ्या अदबीनं सोडवून घेतला. त्याच्या एका कोपऱ्यावर दातांची छान रांग उमटली होती.

"आवाज एकोणीस," ते कुजबुजले. "एक कापला. 'ठेव ते खाली' ही आज्ञा मान्य यादीत नाही." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि समारोपाला अजून तीन मिनिटं आहेत. थांबू नका, बाई. घेतेय ती झोप."

मी थांबले नाही. तीन मिनिटं झाली तेव्हा ठकी झोपली होती, आणि परीक्षकही फाइल छातीशी धरून डावीकडे-उजवीकडे झुलत होते.